शेवटची तारीख उलटायच्या आत: गावाकडून पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी

बारावी झाल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोफत निवासी प्रशिक्षणाची जाहिरात निघाली होती. राहणं-जेवण त्यांचंच. माझ्या मावसबहिणीने फोन करून सांगितलं तेव्हा अर्जाला चार दिवस उरले होते. माझ्याकडे जातीचा दाखला होता, नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) नव्हतं. तहसीलात विचारलं तर पंधरा दिवस तरी लागतील म्हणाले. झालं. गंगाखेडहून रिकाम्या हाताने परत आले आणि त्या वर्षी कापूस वेचला.

पुढच्या वर्षी आयटीआयला फिटर (यंत्रांचे भाग घडवून जुळवणारा) ट्रेडला लागले, मग छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली, आणि आज तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात पार्ट तपासण्याचं काम करते. सुट्टीला गावी गेले की पोरी-पोरं फॉर्म घेऊन येतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. आपल्याकडच्या लेकरांची संधी हिमतीअभावी क्वचितच जाते. ती जाते बातमी कानावर पडल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंतच्या त्या चार-आठ दिवसांत. म्हणून या लेखात बहुतेक सगळं त्या दिवसांच्या आधी काय करून ठेवायचं याबद्दल आहे.

१. आधी एक वही करा

"तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. अठराव्या वर्षी गावात बसून त्याचं उत्तर सापडत नाही, कारण किती प्रकारची कामं जगात असतात हेच आपण पाहिलेलं नसतं. मला तर फिटर म्हणजे नळ बसवणारा वाटायचा.

त्याऐवजी वहीत हे लिहा: लोक कोणत्या कामासाठी तुमच्याकडे येतात? न सांगता तुम्ही कशात हात घालता? कोणतं काम करताना वेळ गेलेला कळत नाही?

आमच्या गल्लीत फवारणीचा पंप बिघडला की माझ्या भावाला हाक मारायचे. पण नोझल उघडून, वायसर बदलून, पुन्हा बसवायचे मी. हे मला कधी 'कौशल्य' वाटलं नव्हतं. आयटीआयच्या प्रवेशावेळी तिथल्या सरांनी विचारलं, "फिटरच का गं?" तेव्हा पंपाचंच सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर जागी आलीस." तुमच्या वहीतही असंच काहीतरी निघेल. गावातल्या सगळ्यांचे मोबाईल नीट करून देणं, लग्नातल्या जेवणाचा अचूक अंदाज बांधणं, आजारी म्हशीला औषध पाजणं, बचत गटाचा हिशोब जुळवणं. लाजू नका, लिहा.

वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या अडचणीही लिहा. आई आजारी आहे, दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जातात आणि धाकटी भावंडं माझ्याकडे असतात, सकाळच्या एका एसटीशिवाय गाडी नाही. हे पान लपवायचं नसतं. कोणती संधी आपल्याला जमेल हे त्यावरूनच ठरतं.

२. बातमी जिथे लागते तिथे जात राहा

व्हॉट्सअपवर फिरत फिरत येणारी जाहिरात बहुतेक वेळा उशिरा येते, आणि अर्धवट येते. मूळ जागा ठरलेल्या आहेत. महिन्यातून एकदा आठवडी बाजाराला तालुक्याला जाताच ना? त्याच फेरीत यातल्या दोन जागा करा.

तालुक्याची आयटीआय: तिचा फलक बाहेरच्या माणसालाही वाचता येतो. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन प्रवेश सुरू होतात, शिवाय कंपन्यांच्या शिकाऊ उमेदवार भरतीच्या सूचनाही तिथेच लागतात.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी: जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेची असते. प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत. शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, शेळीपालन, वायरिंग असे थोड्या आठवड्यांचे वर्ग असतात. या कल्पनेची सुरुवात १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे गावात झाली, म्हणजे ही काही कालची योजना नाही. फोन करून "पुढची बॅच कशाची, कधी?" एवढंच विचारायचं.

कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ: शेतीतच राहायचं असेल तर यांच्याशी ओळख हवीच. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापन दिन आणि १७ सप्टेंबर मराठवाडा मुक्तीसंग्राम दिन. खरीप आणि रब्बीचे शेतकरी मेळावे या दिवसांना धरून होत आले आहेत. बियाण्याच्या पिशवीसाठी सगळे रांगेत उभे असतात, पण खरा फायदा स्टॉलवरच्या तज्ज्ञाला दहा प्रश्न विचारण्यात आहे. माझा चुलतभाऊ अशाच एका मेळाव्यातून रोपवाटिकेकडे वळला.

गावातलं वाचनालय: वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवरच्या लहान जाहिराती आणि सूचना वाचा. पहिलं पान टीव्हीवर कळतंच.

बचत गटाच्या ताई: 'उमेद'ची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, बैठक घेणाऱ्या ताईंकडे तालुक्याची बातमी सगळ्यांत आधी येते. आईला गटात पाठवता, तर कधी तुम्हीही शेजारी जाऊन बसा.

आणि आपल्या भागात कुठे काय चालतं, ते माहीत करून घ्या. जालन्यात लोखंडी सळ्यांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या, लातुरात डाळ आणि तेल गिरण्या, छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि आता बिडकीन. पुण्याला जायलाच हवं असं सुरुवातीला अजिबात नसतं.

बातमी मिळाली की चार प्रश्न वहीत लिहून उत्तरं भरा. हे संपल्यावर मला असं काय करता येईल जे आज येत नाही? आपल्या ओळखीत हे कोणी केलंय का? बुडणारी रोजमजुरी धरून एकूण खर्च किती? मधेच सोडावं लागलं तर हातात काय उरेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "सर्टिफिकेट मिळेल" एवढंच येत असेल तर थांबा. मी घाईत केलेला एक कॉम्प्युटर कोर्स असाच होता. कागद मिळाला, पण एक्सेलमध्ये साधी बेरीज लावता येत नव्हती.

३. कागदांची पिशवी

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यांत जास्त लेकरं इथेच अडकतात. संधी समोर नसतानाच ही पिशवी भरायची असते. एक प्लास्टिकची फाईल घ्या, पावसात भिजणार नाही अशी.

- शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- आधार, आणि आधारला तुमचाच चालू मोबाईल नंबर
- रहिवासी आणि वय-अधिवास प्रमाणपत्र. अधिवासाला महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, त्यामुळे पहिलीपासूनचे शाळेचे दाखले उपयोगी पडतात
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणी
- बँक पासबुक
- शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट फोटो वीस-पंचवीस, एकाच वेळचे

नाव. आधारवर 'सुनिता', दाखल्यावर 'सुनीता', बँकेत 'सुनिताबाई'. बोलायला तिघी एकच, पण संगणकाला त्या तीन वेगळ्या बाया असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव मूळ धरा आणि बाकीचं त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या बहिणींनी विवाह नोंदणीचा दाखला पिशवीत ठेवा. नाव कायमचं बदलायचं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या.

मुदत. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यावर तो कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. बहुतेक जण ते वाचतच नाहीत. माझं नॉन-क्रिमीलेयर मिळालं तेव्हा मी आनंदाने पेटीत ठेवलं आणि पुढच्या वेळी काढलं तर मुदत संपलेली. आता मी फाईलच्या आतल्या बाजूला प्रत्येक दाखल्याची शेवटची तारीख पेनाने लिहून ठेवते.

जुना पुरावा. जातीच्या दाखल्याला ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत गेले, तिथला प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा हा सगळ्यांत कामाचा. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत सापडले तर घाबरू नका. जाणकाराकडून त्यांचं भाषांतर, लिप्यंतर करून घेता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा: "आबा, तुम्ही कोणत्या शाळेत होता?" आमच्या आजोबांना त्यांच्या पहिलीच्या गुरुजींचं नाव आठवत होतं, शाळेच्या गावाचं नाव मात्र आत्याला आठवलं. दोघं मिळून एक उतारा सापडला.

बँक. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसा त्याच खात्यात येईल असं सीडिंग झालेलं असणं वेगळं. बँकेत जाऊन शब्द हाच वापरा: "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय." (डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात.) दोन बँकांत खाती असतील तर सगळ्यांत शेवटी ज्या खात्याचं सीडिंग केलं, त्यात पैसा जातो. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून रडणाऱ्या एका मुलीचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून होते.

दाखले काढताना 'आपले सरकार'च्या केंद्रावर अर्ज करून पावती घ्या. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं आहे, आणि मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. अपील करायची वेळ सहसा येत नाही. पावती दाखवून "साहेब, मुदत संपली" असं शांतपणे म्हटलं तरी फाईल हलते, हे मी दोनदा पाहिलंय.

४. खरी की खोटी

शिकाऊ उमेदवारीसाठी किंवा नोकरीसाठी कोणी पैसे मागितले की उठा आणि बाहेर पडा. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याने चालते. नोंदणी सरकारच्या पोर्टलवर, फुकट. उलट दरमहा विद्यावेतन तुम्हालाच मिळतं.

हे मी शिकले ते तीन हजार रुपये घालवून. बसस्टँडजवळच्या एका खोलीत एक माणूस बसायचा. भिंतीवर मोठ्या कंपन्यांची नावं लावलेली. 'रजिस्ट्रेशन' म्हणून पैसे घेतले, शिक्का मारलेलं पत्र दिलं. पत्र घेऊन कंपनीच्या गेटवर गेले तर सुरक्षारक्षक म्हणाला, "ताई, असली पत्रं घेऊन रोज चार जण येतात." ते पैसे आईने कापसाच्या पट्टीतून दिले होते.

त्यानंतर मी पाहते ते असं: वेबसाइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ने संपतो का? पैसे कोणाच्या वैयक्तिक फोन नंबरवर मागतात का? "आजच भरा, एकच जागा उरली" अशी घाई करतात का? ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं.

५. घरी कसं सांगायचं

मुलींना ही पायरी जास्त जड जाते. माझ्या वेळी तात्या म्हणाले, "पोरगी हातोडी-पाना घेऊन काय करायलीय? बीएला टाका." ते दुष्ट नव्हते. त्यांनी कारखान्यात काम करणारी बाई कधी पाहिलीच नव्हती.

वाद घालून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आकड्यांचा आणि माणसांचा. मी कागदावर मांडलं: खोलीभाडं तिघींत किती, मेसचे किती, महिन्यातून एकदा गावी यायचं भाडं किती, विद्यावेतन किती, आणि उरतात किती. मग ज्या मुलीने हे आधी केलं होतं तिला घरी चहाला बोलावलं. तिला आईनेच सगळं विचारलं. रात्रपाळी असते का, बस गेटपर्यंत येते का, बाथरूम वेगळं आहे का. या प्रश्नांची उत्तरं मी दिली असती तर आईला पटलं नसतं.

वाळूजला येणार असाल तर रांजणगाव शेणपुंजी, बजाजनगर, वाळूजजवळचं पंढरपूर या भागांत कामगारांच्या खोल्या आहेत. पहिल्यांदा आई-वडिलांना सोबत घेऊन या, खोली आणि घरमालकीण त्यांना दाखवा. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण नंतरचे रोजचे काळजीचे फोन वाचतील.

६. फॉर्म भरण्याचा दिवस

शेवटच्या दिवशी जाऊ नका. सर्व्हर बसतो, वीज जाते. सायबर कॅफेवाल्याचा नंबर किंवा ईमेल टाकू देऊ नका. तुमचाच नंबर, तुमचाच पासवर्ड, आणि तो वहीत लिहून ठेवा. भरलेला फॉर्म 'सबमिट' करण्याआधी स्वतः वाचा, विशेषतः जन्मतारीख आणि प्रवर्ग. पावतीची प्रिंट त्याच दिवशी फाईलमध्ये.

७. आत गेल्यावरचे पहिले तीन महिने

संधी मिळाली म्हणजे अर्धं काम झालं. शिकाऊ उमेदवारांपैकी किती जण पहिल्या तीन महिन्यांत गावी परत गेले, हे मी माझ्या बॅचमध्ये पाहिलंय. कारणं छोटी होती. झोप होत नव्हती, सुपरवायझर ओरडला, भाषेची लाज वाटली.

भाषेचं आधी सांगते. "काय करायलास" म्हटलं की शहरातली पोरं हसायची. दोन महिन्यांनी त्यांनाच आमच्याकडून बियाणं आणि घरचं तूप हवं असायचं. बोली बदलायची गरज नाही. कामाचे शब्द मात्र चटकन शिका. मी खिशात छोटी डायरी ठेवायचे आणि दिवसाला ऐकलेले नवे शब्द लिहायचे: टॉलरन्स, बर, रिजेक्शन, गो-नोगो गेज. जेवणाच्या सुट्टीत जुन्या ऑपरेटर काकांना अर्थ विचारायचे. शिकवायला लोक तयार असतात, पण कोणी तरी विचारायला हवं.

मला क्वालिटीत जागा मिळाली ती अशीच. एकदा व्हर्नियर (बारीक माप मोजायचं साधन) घेऊन माप घेणारा माणूस रजेवर होता आणि साहेबांनी विचारलं, "कोणाला वाचता येतं?" आयटीआयत सगळ्यांनीच शिकलेलं, पण हात एकीनेच वर केला. माप घेताना हात थरथरत होता. तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं. दुसऱ्या दिवशीपासून अधूनमधून मला बोलवायला लागले.

म्हणून सांगते, आत गेल्यावर संधीची जाहिरात लागत नाही. कोणी रजेवर जातं, एखादं काम कोणालाच नको असतं, नवं मशीन येतं आणि त्याच्याजवळ उभं राहायला माणूस हवा असतो. अशा वेळी "मी बघू का?" एवढंच म्हणा. येत नसेल तर येत नाही असं सांगून म्हणा. खोटं 'येतं' म्हणून मशीनला हात लावू नका, तिथे बोटं जातात.

शिकाऊ उमेदवारी संपल्यावर कंपनी कायम घेईलच असं कायद्यात नाही. पण परीक्षा पास होऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र दुसऱ्या गेटवर चालतं. त्या परीक्षेचा फॉर्म चुकवू नका.

८. काम चालू असतानाच पुढचं पाऊल

शिक्षण अर्धवट राहिलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करता येते. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. त्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडलाही आहेत. मशीनच्या कामात वर जायचं असेल तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये जाऊन सीएनसीचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनचे, छोटे कोर्स कोणते आहेत ते विचारा. सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन पोर्टलवरचे वर्ग फुकट पाहता येतात, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

एका वेळी एकच धरा. मी बारा तासांची पाळी, पदवी आणि टायपिंग एकदम सुरू केलं होतं. तिन्हींतलं एक टिकलं, तेही आजारी पडून उठल्यावर.

आणि अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी विचारा. गुण कमी पडले, की कागद कमी पडला, की वय? वहीत त्या नावापुढे कारण आणि पुढच्या वर्षीचा अंदाजे महिना लिहा. माझ्या वहीत अशा सात नोंदी आहेत. त्यातल्या दोन पुढच्या वर्षी लागल्या.

येत्या शनिवारी मी गावी आहे. शेजारच्या दोघी बहिणी आजोबांचा शाळेचा उतारा शोधायला माझ्यासोबत पालमला येणार आहेत. थोरलीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, "लोक माझ्याकडे शेळ्यांना सलाईन लावायला येतात."